२५ शॉटनंतर ग्रुप उजवीकडे सरकतो (१० मीटर एअर रायफल), काय चुकतंय?

सकाळपाळी

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी डोंबिवलीला राहते, परळ भागात परिचारिका आहे. १ ऑगस्ट २०२४ ला दुपारी स्वप्नील कुसाळेची फायनल आम्ही सगळ्याजणींनी जेवणाच्या खोलीत एका फोनवर पाहिली. कोल्हापूरकडचा, रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला मुलगा ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेऊन उभा राहिला आणि त्याच महिन्याच्या पगारातून मी एअर रायफलच्या बेसिक कोर्सचे पैसे भरले. तेव्हापासून सुटलेलं नाही. आठवड्याची सुट्टी आणि दुपारपाळीच्या दिवशी सकाळी रेंज, असं चालू आहे. रायफल सेकंडहँड घेतलीय, जॅकेट-पॅंट माझ्या मापाची आहे.

अडचण अशी. गेल्या शनिवारचा ६० शॉटचा स्कोअर देते, दहा-दहा शॉटची एक सिरीज:
१०३.२, १०२.६, १०१.१, ९९.४, ९८.७, १००.३. एकूण ६०५.३.

गेले चार महिने कागद असाच दिसतो. पहिल्या २० शॉटना मला स्वतःलाच नवल वाटतं, इतकं शांत असतं सगळं. साधारण पंचविसाव्या शॉटनंतर ग्रुप, म्हणजे शॉटचा पुंजका, उजवीकडे सरकायला लागतो. फुटत नाही, सरकतो. मग मी डावीकडे क्लिक देते, म्हणजे नेमाच्या साईटचा स्क्रू एकेक खाच फिरवते. दोन देते, थोडं बरं वाटतं, मग परत दोन. शनिवारी शेवटपर्यंत सहा क्लिक झाले होते. आणि पुढच्या वेळी रेंजवर गेले की पहिले सायटिंगचे, म्हणजे नेम जुळवायचे, शॉट सगळे डावीकडे! ते परत उजवीकडे आणायचे.

बाकी माहिती: २४-२५ शॉट झाले की मागच्या खुर्चीवर दोन-तीन मिनिटं बसते, पाणी पिते, कारण पाठ भरून येते. पाळीत आठ तास उभीच असते, त्यामुळे पाय लवकर जड होतात. ६० शॉट साधारण ५५ मिनिटांत होतात. होल्ड (नेम धरून थांबणं) कधीकधी लांबतो, पण शॉट सुटल्यावर रायफल लगेच खाली घेत नाही, तेवढं सरांनी पहिल्या महिन्यातच अंगवळणी पाडलंय. सरांकडे बॅचमध्ये बारा जण आहेत, माझ्या वाट्याला दहा मिनिटं येतात. तक्रार नाही, पण प्रत्येक वेळी विचारायला संकोच वाटतो.

कॅप्टन ईझेकियल नेमबाजी स्पर्धेत यंदा ६१० च्या वर जायचंय. रायफल तपासून घेऊ, पेलेट बदलू, की मीच चुकतेय?

---

छऱ्याचा_डबा

आधी पेलेट तपासून घ्या. छरे एकाच डब्यातले असले तरी तुमच्या नळीला कोणतं हेड (छऱ्याच्या डोक्याचा व्यास) मानवतं ते मारून बघितल्याशिवाय कळत नाही. ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिमी असे वेगवेगळे हेड येतात. माझ्या रायफलला ४.५० चालतो. त्याच कंपनीचा ४.४९ घातला की दहापैकी दोन शॉट विनाकारण ९.८ ला जातात. रायफल शिकंज्यात घट्ट धरून प्रत्येक हेडचे दहा-दहा शॉट एकाच भोकात मारायचे. छरा ४.५ मिमीचा आहे, त्यामुळे दहा शॉटचं भोक बाहेरून बाहेर ५ मिमीच्या आसपास आलं तर तो डबा ठेवायचा. ६ च्या पुढे गेलं तर सरावाला वापरायचा.

दुसरं, पुढच्या साईटमधली रिंग किती मिमीची आहे ते लिहिलं नाहीत. नवीन माणूस अचूकतेच्या नादात बारीक रिंग घालतो. काळ्या गोलाभोवती पांढरी पट्टी इतकी अरुंद होते की जरा हललं तरी डोळ्याला आग लागल्यासारखं वाटतं आणि बोट घाई करतं. माझं मत, एक नंबर मोठी घालून बघा.

---

जुना_नेमबाज

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. दुखणं तुम्ही स्वतःच लिहून ठेवलं आहे, फक्त वेगवेगळ्या ओळींत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वरच्या मित्रांचं पेलेटबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, कधीतरी करून घ्याच. पण पेलेट खराब असता तर पहिल्या २० शॉटनाही खराबच असता. खराब डबा ग्रुप पसरवतो, चारी बाजूंना. तुमचा ग्रुप फुटत नाही, सरकतो, असं तुम्हीच म्हणता. आणि साईट ढिली असती तर पुढच्या वेळी सुरुवातीलाच शॉट सगळे डावीकडे आले नसते. म्हणजे रायफल प्रामाणिक आहे. तुम्ही दिलेला प्रत्येक क्लिक तिने जपून ठेवला. सकाळी ताज्या अंगाने उभ्या राहता तेव्हा ती मूळ जागा सांगते, आणि खुर्चीवरून उठून आल्यावर उभ्या राहता ती जागा वेगळी असते.

आधी आकडे बघू, कारण त्याने जिवाला धीर येतो. १० मीटरच्या टार्गेटवर दहाच्या ठिपक्याचा व्यास ०.५ मिमी. छऱ्याचं केंद्र मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडलं की १०.०, पाव मिलिमीटरच्या आत पडलं की १०.९. म्हणजे दशांशाचा प्रत्येक गुण पाव मिलिमीटरचा. तुमच्या पहिल्या दोन सिरीजची सरासरी १०.२९ आहे, तेव्हा छरे मध्यापासून साधारण पावणेदोन मिलिमीटरवर पडतायत. शेवटच्या तीन सिरीजची सरासरी ९.९५ च्या आसपास, म्हणजे साधारण अडीच-पावणेतीन मिलिमीटर. चार महिन्यांचं सगळं दुःख जेमतेम एका मिलिमीटरचं आहे. आणि ते पुढच्या साईटपाशी मोजाल तर आणखी लहान. दोन्ही साईटमध्ये पाऊण मीटरच्या आसपास अंतर असतं, टार्गेट दहा मीटरवर, तेव्हा टार्गेटवरचा एक मिलिमीटर म्हणजे पुढच्या साईटला एका केसाची जाडी. साडेचार-पाच किलोची रायफल तासभर स्नायूंच्या जोरावर केसाच्या अंतराने सरळ ठेवणं कुणालाच जमत नाही. ती हाडांवर आणि तोलावर ठेवायची असते. स्नायू पंचवीस शॉट साथ देतात, मग सोडतात. सोडल्यावर रायफल तिथे जाते जिथे तुमचं शरीर मुळात बघत असतं. तुमच्या बाबतीत ते उजवीकडे बघतंय.

मला हे कसं कळलं ते सांगतो. १९९०च्या दशकात मी फोर्टातल्या एका विमा कार्यालयात होतो, संध्याकाळी वरळीच्या रेंजवर जायचो. एक अख्खा हंगाम माझा ग्रुप असाच सरकत होता. मी प्रत्येक सिरीजला क्लिक देत होतो, बटप्लेट (खांद्याला टेकणारा भाग) वरखाली करत होतो, वहीत कोणत्या दिवशी किती क्लिक याची पानंच्या पानं भरली होती. रेंजवर सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार यायचे. त्यांनी एक दिवस मागे उभं राहून पाहिलं आणि म्हणाले, नेम धर. धरला. आता डोळे मीट, दोन श्वास घे, डावा खांदा सोड. सोडला. उघड. डोळे उघडले तर रिंगमध्ये माझं टार्गेट नव्हतंच, शेजारच्या लेनच्या टार्गेटची कड दिसत होती! माझं शरीर शेजारच्याच्या टार्गेटवर नेम धरून उभं होतं आणि मी हंगामभर हाताने रायफल ओढून माझ्या टार्गेटवर आणत होतो. त्यांनी खिशातून खडू काढला, माझे पाय बरोबर जागी आणवले आणि दोन्ही बुटांभोवती जमिनीवर रेघ मारली. त्या संध्याकाळी एकही क्लिक दिला नाही. बुटाभोवतीची ती पांढरी रेघ मला अजून दिसते.

आता तुमचं. २४-२५ ला खुर्चीवर बसता आणि २५ नंतर ग्रुप सरकतो, हा योगायोग नाही. खुर्ची मागे असते, तिथून आत येऊन आपण पुढचा म्हणजे डावा पाय नीट ठेवतो, आणि उजवा पाय जिथे पडेल तिथे पडतो. तुम्ही उजव्या हाताने मारता असं धरतो. उजवा पाय पाठीच्या बाजूला राहिला की अख्खं अंग उजवीकडे फिरतं. दोन पायांत फूटभर अंतर असेल आणि उजवा पाय एक सेंटिमीटर सरकला, तर कागदावरच्या हिशेबाने दहा मीटरवर तो फरक फूटभराचा होतो! प्रत्यक्षात कंबर पिळली जाते आणि आपण टार्गेटवर येतो, म्हणून ते कळत नाही. ती पीळच तासभर धरून ठेवायला लागते, आणि मला वाटतं तुमची पाठ भरून येते त्यातही तिचा वाटा आहे.

तेव्हा असं करा. पोझिशन घ्या, रिंगमध्ये काळा गोल आणा, डोळे मिटा. दोन श्वास, डाव्या कोपराखाली कंबरेचं हाड आहे ना ते मनाने तपासा, डावा हात आणि खांदा अगदी सैल. डोळे उघडा. गोल डावीकडे राहिला, म्हणजे तुम्ही उजवीकडे बघताय. हाताने ओढू नका. डावा पाय जागेवर ठेवून उजवा पाय छातीच्या बाजूला किंचित घ्या. अंतर थोडं असेल तर फक्त उजवी टाच बोटभर फिरवा. परत डोळे मिटा. बरोबर गोलावर उघडेपर्यंत शॉट मारायचा नाही. हे सुरुवातीला, प्रत्येक दहा शॉटनंतर, आणि खुर्चीवरून उठलात की दर वेळी. वर-खाली चुकत असेल तर डावा हात फोरएंडखाली (रायफलच्या पुढच्या दांड्याखाली) मागे घेतला की नळी वर जाते, पुढे नेला की खाली येते. पण तुमचं दुखणं आडवं आहे, उभ्याला आत्ता हात लावू नका.

आणि क्लिक. महिनाभर क्लिकला हात लावायचा नाही, सायटिंगमध्ये एकदा शून्य झालं की बास. ग्रुप सरकला तर आधी पाय, मग पाय, मग श्वास. शॉट सुटताना रिंग कुठे होती ते मॉनिटरकडे बघायच्या आधी मनात म्हणायचं: "तीनला, बाहेरून दहा" (तीन म्हणजे घड्याळातल्या तीनची दिशा). मग बघायचं. तुम्ही म्हणालात तिथेच पडला तर चूक होल्डची. तुम्ही मध्यावर म्हणालात आणि मॉनिटर उजवीकडे दाखवतोय, तर चूक पायाची किंवा गालाची. हे वहीत लिहा.

पेलेट, रिंग, पाय, तिन्ही एकदम बदलू नका. काय उपयोगी पडलं ते कळणार नाही.

---

सकाळपाळी

काका, वाचून अंगावर काटा आला. मी उजव्या हातानेच मारते, आणि खुर्चीवरून आल्यावर उजवा पाय कुठे ठेवते ते मी आजवर बघितलेलंच नाही.

आज सकाळी रेंजवर करून पाहिलं. सुरुवातीला डोळे उघडले तेव्हा गोल जवळजवळ मध्ये होता. खुर्चीवर बसून उठल्यावर उघडले तर गोल रिंगच्या पार डावीकडे, अर्धा बाहेर. टाच फिरवली, आला. पण एक शंका आहे. डोळे मिटले की माझा तोलच जातो. तीन वेळा केलं तर तीन वेगळ्या जागा आल्या. मग खरी कोणती मानायची?

@छऱ्याचा_डबा, रिंग ३.८ ची आहे. काका म्हणतात तसं आत्ता तशीच ठेवते, नंतर नक्की बदलून बघेन.

---

जुना_नेमबाज

तिन्हींच्या मधली माना. एका वेळच्या उघडण्यावर कधीच भरवसा ठेवायचा नाही. डोळे मिटल्यावर अंग झुलतंच, सगळ्यांचं झुलतं, म्हणून तर शूटिंगच्या बुटांचे तळवे इतके सपाट आणि कडक असतात. तीन वेळा करायचं आणि ती तीन ठिकाणं गोलाच्या दोन्ही बाजूंना पडली तर तुम्ही बरोबर उभ्या आहात. तिन्ही एकाच बाजूला पडली तरच पाय हलवायचा. रोज घरी बूट घालून, रायफल न घेता, डोळे मिटून दोन मिनिटं पोझिशनमध्ये उभ्या राहा. पंधरा दिवसांत झुलणं निम्मं होतं, हा माझा पोरांवरचा अनुभव आहे. मुलुंडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर रोज संध्याकाळी चार पोरं हेच करतात.

घरी रायफल आणत असाल तर ड्राय करा, बिना छऱ्याचं. ट्रिगरला ड्राय-फायरची सोय आहे का ते आधी बघून घ्या, आणि सिलिंडर-नळी रिकामी आहे हे दर वेळी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. तुमच्या घरात सरळ किती अंतर मिळतं? टार्गेटचा काळा गोल ३०.५ मिमीचा असतो. ४ मीटरवर तेवढाच दिसायला १२.२ मिमीचा ठिपका लागतो, ३ मीटरवर ९ मिमीपेक्षा किंचित मोठा. काळ्या कागदाचा कापून भिंतीवर १.४ मीटर उंचीवर चिकटवा, रेंजवरच्या टार्गेटचं केंद्रही त्याच उंचीला असतं.

---

मीना_ठाणे

माझी मुलगी ज्युनियर गटात आहे, त्यामुळे रेंजवर मागच्या बाकावर बसून मी जे शिकले ते सांगते. काकांनी पायाचं सांगितलंय ते आमच्याही सरांचं पहिलं वाक्य असतं.

मला तुमच्या पोस्टमध्ये वेळ दिसली. ६० शॉटला ७५ मिनिटं असतात, शॉटमागे सव्वा मिनिट. तुम्ही मधल्या विश्रांतीसकट ५५ मिनिटांत संपवता. म्हणजे २० मिनिटं तुम्ही घरी घेऊन येताय! माझी मुलगी पण असंच करायची. विचारलं तर म्हणायची, पाय दुखतात म्हणून लवकर संपवते. थकलं की घाई होते, घाई झाली की होल्ड बरोबर नसताना शॉट सुटतो. सरांनी तिला एकच नियम दिला: आठ-दहा सेकंदांत सुटला नाही तर रायफल खाली. त्याच्यापुढे डोळ्यात गोलाची जुनी प्रतिमा साठते आणि आपण न दिसणाऱ्या गोलावर नेम धरतो. सुरुवातीला तिला रडू यायचं, कारण एका शॉटसाठी तीनदा रायफल खाली घ्यायला लागायची. आता कुणी सांगावं लागत नाही.

दुसरं जॅकेटचं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कॅनव्हास दमट होऊन मऊ पडतो, आणि मार्चमध्ये जी पाठ आधार देत होती ती जुलैत देत नाही. आम्ही रेंजवरून आल्यावर जॅकेट बॅगेत गुंडाळून कधीच ठेवत नाही. रात्रभर पंख्याखाली रुंद हँगरवर. चामड्याच्या तुकड्यांवर पांढरी बुरशी धरते ती कोरड्या फडक्याने पुसायची, ओल्याने नाही. रायफलच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, आणि दर महिन्याला त्या बदलायच्या. एकदा विसरले तर फ्रंट साईटच्या स्क्रूला गंज चढला होता.

सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी अजिंक्यपद स्पर्धेत ४०० पैकी ४०० केले होते, ६० नव्हे, ४० शॉटच्या काळात. चाळीस शॉट, एकही नऊ नाही. मी मुलीला एकदाच सांगितलं आणि मग पुन्हा नाही, कारण आकडा डोक्यावर बसतो. पण मला स्वतःला तो आठवला की वाटतं, सातत्य म्हणजे काय ते हे.

---

नवा_गडी_विरार

विषय सोडून विचारतो, माफ करा. मला पण सुरू करायचंय. लोकलमधून रायफल नेली तर पोलीस अडवतात का? लायसन्स लागतं का?

---

छऱ्याचा_डबा

२०१६ च्या शस्त्र नियमांनुसार २० ज्यूलपर्यंतच्या आणि .१७७ म्हणजे ४.५ मिमीपर्यंतच्या एअर रायफलला लायसन्स लागत नाही. १० मीटरची मॅच रायफल ७-८ ज्यूलची असते. बंद पेटीत न्या, बिल आणि क्लबचं ओळखपत्र सोबत ठेवा, कुणी विचारलं तर शांतपणे दाखवा. आणि पेटी रेंजशिवाय कुठेही उघडायची नाही, मित्राने कितीही म्हटलं तरी. पहिले सहा महिने रायफल विकत घेऊच नका, क्लबच्या रायफलवर शिका.

---

सकाळपाळी

तीन आठवड्यांनी परत आलेय. सगळ्यांचे मनापासून आभार.

आधी आकडे: १०२.४, १०३.०, १०१.६, १०१.९, १००.६, १०१.८. एकूण ६११.३. क्लिक एकही दिला नाही.

पहिला आठवडा फार वाईट गेला, ते लिहायलाच हवं. डोळे मिटणं, तीनदा बघणं, टाच फिरवणं यात माझी लयच गेली आणि स्कोअर ५९८ वर आला. घरी येताना डोंबिवली फास्टमध्ये दारातल्या गर्दीत उभी होते आणि वाटलं, जसं होतं तसंच बरं होतं. दुसऱ्या दिवशी नाइट होती. पहाटे चारला वॉर्ड शांत असतो तेव्हा एका आजींचा रक्तदाब घेत होते. पट्टा बांधताना मी दर वेळी तोच हात, तीच उंची, हाताखाली तीच उशी ठेवते, कारण हात खाली लोंबला की आकडा वर जातो. कितीही घाई असली तरी हे चुकत नाही. मग मनात आलं, आजींच्या हाताची जागा मी इतकी जपते, तर स्वतःच्या पायाची का नाही?

घरी स्वयंपाकघराच्या दारापासून गॅलरीच्या भिंतीपर्यंत बरोबर ४ मीटर आहेत. कंपासने १२.२ चा गोल काढून कापला. रात्री सासूबाई झोपल्या की पंधरा मिनिटं. पहिले चार दिवस नुसतं डोळे मिटून उभी, मग रायफलसकट. सासूबाईंना एकदा जाग आली. दार उघडून त्या शांतपणे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उजवा पाय बोटभर मागे आहे तुझा." रोज बघून बघून त्यांनाही कळायला लागलंय.

रेंजवर सरांना विचारून मी लेनमध्ये रंगीत चिकटपट्टीचे दोन छोटे तुकडे लावले, डाव्या चवड्याला एक आणि उजव्या टाचेला एक. खुर्चीवरून आले की आधी पट्टी, मग डोळे. सर म्हणाले, एवढं साधं होतं तर आधीच विचारायचं ना. मी आता विचारते.

मीनाताई, तुमचा आठ-दहा सेकंदांचा नियम सगळ्यात अवघड गेला. पाचव्या सिरीजमधले १००.६ त्याचेच आहेत. तीन शॉट मी लांबवले. तिन्हींना मनात "वाईट" म्हणाले आणि तरी बोट सुटलं. वहीत लिहून ठेवलंय: ४२, ४५, ४६. वेळ आता ६८ मिनिटं लागते. पाठ भरते, पण आधीसारखी नाही, आणि खुर्ची पंचविसाव्याऐवजी तिसाव्या शॉटला लागते.

काका, एक विचारायचं होतं. स्पर्धेत ती चिकटपट्टी नसेल. तिथे काय करू?

---

जुना_नेमबाज

फार बरं वाटलं. तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, त्यांच्या डोळ्याला तोड नाही.

पट्टी आता एक दिवसाआड काढा. पाय जमिनीवर कुठे ठेवायचा ते आधी डोळ्यांनी ठरवायचं, मग पायाला विचारायचं. स्पर्धेत लेनची पुढची आडवी रेघ असतेच. डाव्या बुटाचं टोक त्या रेघेपासून किती बोटं आणि दोन टाचांमध्ये तुमच्या स्वतःच्या बुटाची किती लांबी, ही दोन मापं पाठ करा. ती दुसऱ्या कुठल्याही रेंजवर तुमच्याबरोबर येतात. तयारी आणि सायटिंगची १५ मिनिटं मिळतात, त्यातली पहिली पाच फक्त पायाला द्या. शेजारचे लोक धडाधड सायटिंग मारत असतील, मारू द्या.

४२, ४५, ४६ लिहून ठेवलंत ते उत्तम केलं. ४३ आणि ४४ मध्ये काय केलं होतं तेही आठवून लिहा. ते दोन चांगले गेले असतील तर तिथे तुम्ही रायफल खाली घेतली असणार.

रिंग अजून बदलू नका. आणखी तीन ६० शॉट याच रिंगवर होऊ द्यात, मग ४.० घाला आणि @छऱ्याचा_डबा यांचं म्हणणं तपासू. मला त्यांचं पटतंय, फक्त क्रम आपला.

येत्या रविवारी सकाळी मी दोन पोरांना घेऊन वरळीला येतोय. तुमची पाळी नसेल तर अकराच्या सुमारास या. पट्टी आणू नका, मी खडू आणतो.

---

सकाळपाळी

रविवारी सुट्टी आहे. ९:१२ च्या गाडीने येते.